लॉरीच्या पुढच्या सीटवरची जैनब

जैनब,

परवा तुझ्या घरून परतले ती चिडूनच. सून म्हणाली, "मयताच्या घरून कुणी चिडून येतं का, आई?" तिला काय सांगायचं. तुझ्या घरून मी न चिडता परत आले असं कधी झालंय?

निरोप मला उशिरा मिळाला. तुझ्या नातवानं माझ्या मुलाच्या जुन्या नंबरावर फोन लावला होता म्हणे. इकडं कळंबात मला कळलं तोवर तिकडं धाराशिवला तुझी माती झाली होती. मी पोचले ती जियारतीला, तिसऱ्या दिवशी. दारात चपलांचा ढीग, आत बायका कुराणाचे सिपारे पढत बसलेल्या. काठी टेकत आलेली ही कुंकवाची म्हातारी कोण, कुणाला ठाऊक नव्हतं. तुझी ती शेजारीण, जाड काचांच्या चष्म्याची, मला म्हणाली, "आप कौन?" मी म्हटलं, "तुम्ही कोण?" तर म्हणते, "मी जैनबआपाची सगळ्यात जवळची. कित्ते बरस का साथ." बाई गं, तुझे दुधाचे दात पडताना मी बघितलेत. त्यातला एक तर माझ्याच कोपरानं पडला. आणि ही मला साथ सांगते. वर तिनं तुझा चेहरा शेवटचा बघितला आणि मी नाही. हे मला अजून सहन होत नाहीय.

तेवढ्यावर ती थांबली असती तर बरं. ती शेजारच्या बाईला सांगायला लागली, "आपाचे अब्बा लॉरीवर डायवर होते. आपा लहानपणी लॉरीत पुढं बसून फिरायच्या." सगळ्या बायका माना डोलवायला लागल्या. माझ्या ओठावर आलं होतं, की विचारा तिला, लॉरी कुणाची होती.

आपलं हे भांडण राहूनच गेलं बघ.

लॉरी शेठची होती, हे आपण दोघींनी कधी मोजलंच नाही. शेठला कळंबात आडत होती, आणि कापूस नि धान्य येडशीच्या स्टेशनावर पोचवायला त्यानं लॉरी घ्यायचं ठरवलं. तेव्हा लॉरी अशी सजूनधजून येत नसे. नुसता सांगाडा यायचा, चार चाकं आणि पुढं इंजिन. तुझे अब्बा, आमचे करीमचाचा, एका खोक्यावर बसून तो सांगाडा हाणत घेऊन आले होते. तोंडभर धूळ, दात तेवढे पांढरे. सांगाडा आमच्या दारातल्या लिंबाखाली उभा राहिला, कारण त्यावर लाकडी केबिन आणि मागचा हौदा चढवायचं काम माझ्या बापाकडं, दादांकडं होतं. गावात दुसरे सुतार होते, पण शेठनं दादांना सांगितलं. पावसाळा संपून हुरडा यायला लागला तरी काम चाललं होतं. आपण दोघी लाकडाच्या भुशात खेळायचो. हौद्याची बाजू चढली, मागचा फाळका बसला, आणि एक दिवस चाचांनी हँडल मारलं नि ती आमच्या दारातून निघून गेली. मी रडले. घरातलं माणूस गेल्यागत रडले. तू मात्र तिच्यात पुढं बसून गेलीस.

तिथनं सुरू झालं.

तू म्हणायचीस, "लॉरी आमची. अब्बानं हाणली न्हाय तर तुझ्या दादाची लाकडं काय चालत जातील व्हय येडशीला?"

मी म्हणायचे, "आन् दादानं हौदा न्हाय बांधला तर शेठचा कापूस काय तुझा अब्बा मांडीवर घेऊन जाईल?"

मग झिंज्या. तुझी अम्मी आतून खोकत खोकत ओरडायची, माझी आई बाहेर येऊन पाठीत धपाटा घालायची, तो मात्र मलाच.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं आणि लॉरीच्या पाठीला कोळशाची टाकी लागली. तुला आठवत असेल. आता पोरांना सांगितलं की कोळशावर लॉरी चालायची तर त्यांना थट्टा वाटते. सकाळी टाकीत कोळसा पेटवायचा, आणि धूर जाऊन गॅस धरेपर्यंत बाजूचा पंखा हातानं फिरवत राहायचं. फिरवून फिरवून खांदे उतरायचे. चाचांनी त्याची शक्कल काढली होती. जी पोरं पंखा फिरवतील त्यांना मागच्या हौद्यात बसवून गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत न्यायचं, तिथं उतरवून द्यायचं. गल्लीतली सगळी पोरं पहाटेपासून रांग लावायची. पोरांच्या रांगेत मी एकटी पोरगी. तळहाताला फोड आले तरी सोडायचे नाही. तोंड काळं, परकर काळा, घरी गेल्यावर मार, आणि ओढ्यापासून अनवाणी चालत परत.

आणि तू? तू पंख्याला कधी हात लावला नाहीस. वेणीफणी करून यायचीस, चाचा तुला उचलून पुढं ठेवायचे, शेजारी शेठचा मुनीम अंग चोरून बसायचा. खिडकीतून कोपर बाहेर काढायचीस, अगदी बापासारखं. लॉरी माझ्या दारावरून जायची तेव्हा समोर रस्त्याकडं बघायचीस, माझ्याकडं नाही. जशी काय तूच हाणतेस. ओढ्याशी मी उतरायची आणि तू पुढं जायचीस, येरमाळा, मग घाट, मग येडशी. मी ओढ्याच्या काठावर उभी राहून धूळ खाली बसेपर्यंत बघत राहायची. जैनब, मला त्या वेळी तुझं सगळं हवं होतं. तुझी सीट, तुझं कोपर, तुझा बाप.

तुझी अम्मी दम्यानं कायम अंथरुणावर. घरी तुला बघायला कुणी नाही, म्हणून चाचा तुला बरोबर घ्यायचे. हे मला तेव्हाही माहीत होतं. मला उलट माझी आई धडधाकट आहे याचाच राग यायचा. मी हट्ट धरला तर आई म्हणायची, "सुताराची पोर डायवरच्या शेजारी बसून मुलूख हिंडणार व्हय? उद्या पदरात कोण घेईल हिला?" दादा रंधा मारत राहायचे. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की जाऊ दे तिला.

संध्याकाळी तू परत आलीस की तुझा दरबार भरायचा. येडशीला आगगाडी कशी आली, इंजिनानं कसा सुस्कारा टाकला, रामलिंगच्या माकडानं मुनिमाची टोपी कशी पळवली. एकदा बार्शीपर्यंत गेलात, तिथं निजामाच्या हद्दीवर जकात घेणाऱ्या करोडगिरी नाक्यावर शिपायानं पोत्यात सळई खुपसून कसं बघितलं, ते तू अंगणात सळईसकट करून दाखवलंस. एका माकडाची दुसऱ्या वेळी दहा झालेली असायची. मी म्हणायचे, "थापा मारतीस." तू म्हणायचीस, "मग ऐकू नगंस. जा." आणि मी जायचे नाही. खोटं असलं तरी ते ऐकल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

बार्शीहून तू माझ्यासाठी बर्फ आणला होतास, आठवतं? लाकडाच्या भुशात, फडक्यात बांधून. कळंबला येईस्तोवर फडकं ओलं तेवढं राहिलं होतं. तू ते माझ्या हातात दिलंस नि म्हणालीस, "हितं व्हता." मी ते फडकं चोखलं. भुसा तोंडात आला. तुझ्याविषयी मनात एवढं जळत असताना मला त्या दिवशी रडू आलं, कारण घाटातून येताना तू ते फडकं मांडीवर धरून बसली असणार, हे मला दिसलं. हे तुला मी कधी बोलले नाही. बोलले असते तर तू डोक्यावर बसली असतीस.

शाळेतही तेच. आपली शाळा उर्दूतली. तुला ती भाषा घरातच मिळालेली, मी अलिफ-बे घोकून घोकून रडकुंडीला यायची. मौलवीसाहेब तुझी पाटी सगळ्यांना दाखवायचे. तुझ्या वाट्याला सगळंच आयतं, असं मला वाटायचं.

एक गोष्ट तेवढी माझी होती. दसरा. लॉरी धुवून लिंबाखाली उभी करायची, झेंडूची माळ, आपट्याची पानं, चाकाखाली लिंबू. आणि कुंकू लावायला चाचा मलाच बोलवायचे. शेठच्या घरच्या बायका तिथं ताट घेऊन उभ्या असायच्या, तरी चाचा म्हणायचे, "कुंकू कमल लावंल. तिच्या बापानं घडवलीय ही." मी टाचा उंच करून इंजिनाच्या तोंडावर पाच बोटं ओढायची. तू लांब दगडावर बसलेली असायचीस, ओढणीचं टोक चावत. एका दसऱ्याला तू ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालीस, "अब्बा मेरे, और लाड इसके." तो दिवस मी आयुष्यभर पुरवून खाल्ला. तू माझ्यावर जळलेली मी तेवढीच बघितली.

मग तो भादवा आला. त्याआधी वर्षभर आमच्याकडं दारं लावून बसायचे. रझाकारांच्या बातम्या यायच्या, आई मला ओट्यावरसुद्धा उभी राहू द्यायची नाही. मग फौज आली, निजामाचं राज्य गेलं, आमच्या गल्लीत पेढे वाटले, आणि भीती आमच्या घरातून उठून तुमच्या घरात गेली. खेड्यापाड्यांतून काय काय कानावर यायला लागलं. तुमचं दार बंद झालं. मी हाक मारली तर अम्मीचा खोकला तेवढा ऐकू यायचा. मला वाटलं, तू रुसलीस.

आणि एका सकाळी, झुंजूमुंजू असताना, मी उठून दारात आले तर लॉरी लिंबाखाली उभी. मागं रिकाम्या पोत्यांचा ढीग. चाचा, अम्मी, एक ट्रंक. तू पुढं बसलेली. आणि माझे दादा, ज्यांनी मला कधी ओढ्यापलीकडं जाऊ दिलं नाही, ते हातात हत्यारांची पिशवी घेऊन तुझ्या शेजारी चढले. मी म्हटलं, "दादा, म्या बी." ते म्हणाले, "घरात जा." एवढंच. तू माझ्याकडं बघितलं नाहीस. समोर रस्त्याकडं बघत होतीस, नेहमीसारखी.

मी दहा-अकरा वर्षांची होते. मला कुणी सांगितलं नव्हतं की तुम्ही जीव घेऊन निघाला आहात. आणि खरं सांगू, सांगितलं असतं तरी मला तेच वाटलं असतं. ही चालली. माझ्या बापाच्या शेजारी बसून चालली. याची मला लाज वाटत नाही. पोरीला दुसरं काय वाटणार?

दादा परत आले ते दुसऱ्या दिवशी, पायी. डोक्याचा पटका नव्हता. आईनं विचारलं तर म्हणाले, पडला कुठंतरी. पुढं ते वारले तोवर त्या दिवसाविषयी एक अक्षर बोलले नाहीत. त्या दसऱ्याला शेठनं दुसऱ्या ड्रायव्हरकडून लॉरी आणवली, कुंकू शेठच्या सुनेनं लावलं. मला कुणी बोलावलं नाही, आणि दगडावर बसून जळायला तूही नव्हतीस.

वर्षभरानं कळलं की बार्शीला तुझ्या खालाकडं राहून तुम्ही धाराशिवला आलात. चाचांनी सायकलचं दुकान टाकलं. लॉरीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. मग तुझं लग्न, माझं लग्न, पोरंबाळं. धाराशिवला कोर्टाचं, दवाखान्याचं काम निघालं की मी तुझ्याकडं यायचे. काम नसलं तर काढायचे. तू खिचडी-खट्टा करायचीस, मी गुळाच्या पोळ्या आणायचे, आणि पहिला घास पोटात गेला की भांडण. लॉरी कुणाची. तुझी शमीम लहान होती तेव्हा घाबरायची, मग तिला सवय झाली.

आणि दर वेळी मी एकच विचारायचे. "त्या दिवशीचं सांग की. तू एवढ्या एवढ्या प्रवासाची रामकहाणी सांगायचीस, माकडाची शेपटी किती लांब तेसुद्धा. आणि माझ्या दादांच्या शेजारी बसून गेलीस, त्याचं काहीच न्हाय?"

तू हसायचीस. "जळतीस व्हय अजून?"

"जळते. सांग."

"लई मज्जा आली," तू म्हणायचीस. "पुढं बसल्यावर लई वारा लागतो, कमळे. तुला न्हाय कळायचं." आणि उठून चहा ठेवायला जायचीस.

केवढी चिडायचे मी. एसटीत बसल्यावरसुद्धा कळंब येईपर्यंत मनातल्या मनात तुझ्याशी भांडत यायचे. पाऊणशे वर्षं होत आली, जैनब. म्हातारपणी माणसं काय काय विसरतात. मी ते वारं विसरले नाही.

तर परवा. बायका उठून गेल्या, शमीम माझ्याजवळ येऊन बसली. डोळे सुजलेले. मला बोलायला दुसरं काही सुचेना, म्हणून म्हटलं, "तुझी आई मोठी हट्टी. माझ्या बापाला घेऊन पुढच्या सीटवर बसून गेली, आणि मरेपर्यंत मला त्याचं काही सांगितलं नाही."

शमीम म्हणाली, "कमलखाला, अम्मी पुढं न्हाय बसली."

मी म्हटलं, "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"ओढ्यापर्यंत," ती म्हणाली.

ओढ्याशी दादांनी लॉरी थांबवायला लावली. आपला पटका चाचांच्या डोक्याला बांधला, कपाळाला गंध लावलं. तुला आणि अम्मीला मागं हौद्यात आडवं केलं आणि वरून पोती टाकली. तुझ्या जागेवर दादा बसले. येरमाळ्याच्या अलीकडं माणसांनी लॉरी अडवली. काठ्या होत्या, आणखीही काही होतं. पोत्यांच्या धुरळ्यानं अम्मीला उबळ आली. तू तिच्या तोंडावर ओढणीचा बोळा दाबून धरलास. तरी आवाज व्हायला लागला, तसे दादा हातोडी घेऊन खाली उतरले. फाळका सैल झालाय म्हणाले, आणि ठोकायला लागले. ती माणसं चाचांना विचारत होती, कुठला माल, कुणाची गाडी, आणि दादा त्यांच्याकडं पाठ करून फाळका ठोकत होते, मोठमोठ्यानं, तुझ्या कानाशी. शेवटी ती माणसं कंटाळून म्हणाली, "जा बाबा, न्हे तुझा खटारा." लॉरी हलली तरी तुला कळेना की अम्मीचा श्वास चालू आहे का. येडशी येईपर्यंत तू बोळा काढला नाहीस, भीतीनं. आणि काढला नाहीस म्हणून अम्मीच्या जिवाची भीती.

हे सगळं शमीमनं एका दमात सांगितलं. तिला पाठ होतं. म्हणजे तू तिला किती वेळा सांगितलं असशील. तिला, तिच्या भावांना. नातवालासुद्धा ठाऊक. घरातल्या पोराटोरांना ठाऊक, आणि माझ्या बापाची गोष्ट मलाच नाही. मला तिथं, तुझ्या जियारतीला, शमीमचा एवढा हेवा वाटला की तिच्या हातातला हात मी सोडवून घेतला.

"मला का नाही सांगितलं तिनं?" मी विचारलं.

शमीम म्हणाली, "अम्मीनं आम्हाला बजावलं व्हतं. कमलखालाला ह्यातलं काय बी सांगायचं न्हाय. ती म्हणायची, त्या सालापासनं जो तो मला बिचारी म्हणून बघतो. नवरा बी, सासू बी, तुम्ही पोरं बी. जगात एक कमळीच हाय, जी माझ्यावर जळती. तिच्यासाठी म्या अजून पुढंच बसलीय. जळू दे तिला."

मी उठले. तुझ्या नातवानं हात धरून गाडीपर्यंत सोडलं. त्याच्याशी काही बोलले नाही, सुनेशी बोलले नाही, म्हणून तिला वाटलं मी चिडले. चिडलेच होते. तुझ्यावर, दादांवर, त्या चष्मेवालीवर. दादांनी तुझ्यासाठी जे केलं ते माझ्यासाठी करायची वेळ आली नाही, यावरसुद्धा. येरमाळ्याजवळून गाडी गेली तेव्हा मी खिडकीकडं तोंड करून बसले. रस्ता आता रुंद झालाय, कुठं अडवलं असेल काही कळत नाही.

मग दोन दिवस विचार केला. तुझं म्हणणं मी कधी न भांडता ऐकून घेतलं नाही. या खेपेला ऐकते.

शमीम मला काही बोलली नाही, जैनब. मी चहा घेतला आणि निघाले. त्या सकाळी तू पुढंच बसली होतीस, माझ्या दादांच्या शेजारी, कोपर खिडकीबाहेर काढून. ओढा ओलांडून गेलीस, घाट उतरलीस, तुला लई वारा लागला. मी दारात उभी होते आणि तुझ्यावर जळत होते. अजून जळते.

तुझी
कमळी